ब्राह्मीचं विशेषण

...आन तुमास्नी सांगतो, शब्द तरी किती असावंत? धा? पंधरा? एक. पाच वर्षं, एक शब्द. आमची थोरली लेक ब्राह्मी पुण्याला शिकाय गेली आन तिथं तिला घावली लुवियन भाषा. आता तुर्कस्तान हाय न्हवं, तिकडं तीन हजार वर्षांमागं लोकं बोलायची ती, आज बोलणारं एक माणूस शिल्लक न्हाई, आन त्यातलं एकच विशेषण घिऊन पोरगी बसली... पाच वर्षं.

इस्लामपूरचं पाहुणं बघाय आलं. "मुलगी काय करती?" काय सांगायचं? म्हणलं, "कॉम्प्युटरमधी हाय." ती आत च्या गाळत हुती, तिनं ऐकलं. आदी जेवताना म्हणायची, "बाबा, या शब्दाची गंमत सांगू?" आन मी म्हणायचो, "गार हुतंय, जेव." त्या दिवसापासनं ते इचारणंच बंद झालं.

मग गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या एका कॉलेजात तिचं भाषण ठरलं. फोनवर म्हणती, "बाबा, तुम्ही याच. अगदी पुढं बसा." गेलो की. पलूसवनं, इस्त्रीचा शर्ट घालून, बायकू त्रिशला हिला घिऊन. पडद्यावर दगडाचा फोटो, त्यावर चित्रंच चित्रं, कुठं बैलाचं तोंड, कुठं पाऊल... आन ही म्हणती, "आता त्या शब्दाकडं येऊ." आन तवाच बिराप्पाचा फोन. बिराप्पा आमचा ऊसतोडीचा मुकादम. "आण्णा, टोळी आलीया, कुठनं धरू?" तीन आठवडं टोळी गावत न्हवती, काय करता? वाकून भाईर गेलो. म्हणलं दोन मिंटं. त्याला बांध सांग, वाट सांग, गाडी कुठं लावायची सांग... परत आलो तर भाषण संपून समदी च्या पीत हुती. पाच वर्षं, एक शब्द, आन तेवढाच चुकला बगा.

येताना गाडीत, भिलवडी आली तवा त्रिशला म्हणती, "शब्द ऐकलासा?"

"कंचा?"

"तातिया. ताती म्हंजे बाप. त्याला पुढं 'या' लावला की तातिया. बापाचा. राजा दगडावर लिवतोय, मी माझ्या बापाच्या आसनावर बसलो, तिथला शब्द हाय त्यो. आन पोरगी म्हणली, ह्याचा अर्थ मला पुस्तकाआदी घरी कळला, माझे बाबा इथं पुढंच बसलेत. समद्यांनी वळून बघितलं."

"मग?"

"मग काय. तुमच्या खुर्चीत मी पिशवी ठिवलेली. पिशवीकडं बघितलं लोकांनी."

...आता ती जर्मनीला हाय. परवा मीच फोन लावला. म्हणलं, "बाई, त्या तातियाची गंमत सांग की."

"बाबा, ते काम संपलं हो. आता दुसरा शब्द घेतलाय."

"त्याचा अर्थ काय?"

"तेच तर अजून कुणाला माहीत नाही. चार-पाच वर्षं लागतील."

रागानं न्हाई हं, लय मायेनं बोलली. तेच लागलं मला. म्हणलं, "बरं बाई. मी सत्तरीला आलोय, तेवढं ध्यानात धरून जरा लौकर उरक... आन अर्थ लागला की पहिला फोन मला कर."