न धुतलेली खडी

एक्स-रेच्या खोलीबाहेर एक म्हातारे ड्रायव्हरकाका नंबरची वाट पाहत होते. शेजारी एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ हळू आवाजात भांडत होते. काकांचे गुडघे गेले होते, कान शाबूत होते.

“आईच्या माशांचं काय केलंस?”

“टाकी साफ केली. तळाची जाळी घासली, वरची खडी उकळत्या पाण्यात धुतली, पुन्हा पसरली, पंप लावला. नवीकोरी दिसतेय.”

“उकळत्या पाण्यात? अरे शहाण्या, पंप पाणी खडीतून खाली ओढतो, घाण तिथं अडकते, आणि ती खाणारे जंतू खडीतच असतात. ते मारलेस तू.”

“म्हणून दोन मासे गेले होय! तिसराही वर येऊन तोंड उघडतोय. उद्या आईला घरी सोडणार. आल्या आल्या टाकीच बघेल गं ती.”

“माझ्या टाकीतली खडी घाल. न धुता.”

“तुझी चालेल?”

“तिचीच आहे. मी माझ्या मनानं लग्न केलं तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही, पण तेव्हा डबाभर ओली खडी पाठवली होती.”

“नऊ वर्षं झाली तू घरी येऊन. मग तूच घेऊन ये की.”

“मी भरून देते, तू ने.”

“मी परत धुवून टाकीन, ताई. माझा काही भरवसा नाही.”

काकांचा नंबर दुसऱ्यांदा पुकारला गेला. ते सावकाश उठले, तेव्हा ताई भावाला सांगत होती,

“आजच निम्मं पाणी बदल. आणि उद्या दार उघडं ठेव. डबा दोन्ही हातांनी धरावा लागतो, बेल वाजवता येणार नाही मला.”