आलं म्हणजे गेलं

(जत्रेच्या मैदानाच्या कडेला उभा ट्रक, त्याच्या पोटात संसार. आत टीव्हीसमोर बाई. दाराच्या पायरीवर कानाला फोन लावून भूतबंगलेवाला. बाहेर गवतात, तिपाईवरच्या टीव्हीच्या छत्रीशी झटापट करणारा बाईचा नवरा, आकाशपाळणेवाला.)

पाळणेवाला : आता?

बाई : निळं.

पाळणेवाला : नुसतं निळं?

बाई : निळं, आणि मधोमध लिहिलंय ‘सिग्नल नाही’. मघापासून तेच वाचतेय, पाठ झालं माझं.

पाळणेवाला : ए भुता, कंपनीची बाई काय म्हणते?

भूतवाला : म्हणते, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आणि मग संगीत लावते.

पाळणेवाला : महत्त्वाचा आहे तर उचल म्हणावं!

भूतवाला : संगीत बाकी झकास आहे, दादा. भूतबंगल्यात लावलं तर लोक तिकिटाच्या खिडकीपासूनच रडत परत जातील.

बाई : भावजी, थट्टा पुरे. सायकलींची शर्यत सुरू झाली असेल. घाटाला लागल्या असतील पोरी.

पाळणेवाला : लागू देत. मला काय त्याचं? छत्री आणली ती हवामान बघायला.

बाई : हवामान! आजवर पाळण्याच्या टोकावर चढून, नाक वर करून सांगायचात पाऊस कधी येणार ते. आणि नेमकी शर्यतीच्या आठवड्यात नाकाला सर्दी झाली?

भूतवाला : वहिनी, दादांना लेकीच्या गावचं हवामान बघायचंय.

पाळणेवाला : तू फोन सांभाळ.

भूतवाला : सांभाळतोय. छत्रीचं म्हणाल तर आमच्या मामाने एकदा पातेल्याच्या झाकणावर परदेशातल्या बातम्या पकडल्या होत्या. सगळी आळी गोळा झाली. मामी तेवढी म्हणत होती, बातम्या राहू देत, झाकण द्या, दूध उतू चाललंय.

बाई : मग?

भूतवाला : मग काय, दूध उतू गेलं, आणि तेही बातम्यांत दाखवलं.

पाळणेवाला : याला कुणीतरी भूतबंगल्यात कोंडा रे!

भूतवाला : शू! आली, आली. नमस्कार ताई. हो, छत्री. नाही नाही, पाऊस नाही, टीव्हीची छत्री. प्रवासात नेतात ती, घडीची. हो, टीव्हीखालचा डबा सुरू आहे, दिवा हिरवा आहे. केबल? दादा, केबल दोन्हीकडे घट्ट आहे का विचारते.

पाळणेवाला : दातांनी पिळलीय म्हणावं.

भूतवाला : घट्ट आहे, ताई. बरं. होकायंत्र बघून लावलीत का म्हणते.

पाळणेवाला : मोबाइलमधलं बघूनच लावली. उत्तर अगदी आपल्या पाळण्याकडे आहे.

भूतवाला : आणि काल तंबूपाशी बघितलं तेव्हा?

पाळणेवाला : तेव्हाही पाळण्याकडेच होती.

भूतवाला : दादा, तंबू पाळण्याच्या त्या अंगाला, आपण या अंगाला. उत्तर दोन्हीकडून पाळण्याकडेच कशी असेल? ते यंत्र तुमच्या लोखंडाच्या प्रेमात पडलंय! ताई पण तेच म्हणते, लोखंडापासून लांब जा.

पाळणेवाला : जाऊ कुठे? ट्रक लोखंडाचा, पाळणा लोखंडाचा. बिनलोखंडाचं या मैदानात तुझं भूत तेवढं.

भूतवाला : त्याच्याही पोटात तारा आहेत. बरं, ताई म्हणते, होकायंत्र सोडा, हाताने शोधा. बोटभर फिरवायची, थांबायचं. डब्याला दम खायला वेळ द्यायचा. चित्र दिसलं की स्क्रू आवळायचा. हॅलो? ताई? हॅलो... गेली. परत संगीत.

पाळणेवाला : स्क्रूचे आटे गेलेत. हात काढला की छत्री मान टाकते.

बाई : मग हाताने धरून उभे राहा. दुसरं काय करणार?

पाळणेवाला : राहतो. तू पडद्यावरून नजर काढू नकोस. बोटभर फिरवली. आहे का?

बाई : निळं.

पाळणेवाला : आणखी बोटभर.

बाई : निळं. पोरगी मला म्हणाली होती, आई, चढणीवर बघ माझ्याकडे, चढणीवर मी कुणाला ऐकत नाही. उतार मात्र अजून अंगवळणी पडला नाही म्हणे. आता चढण संपेल आणि मी निळं बघत बसेन.

पाळणेवाला : मला नाही काही म्हणाली.

बाई : तुम्हाला कशाला म्हणेल? निघाली तेव्हा काय बोललात तिला? गोल फिरणाऱ्यांच्या घरातली पोर, सरळ रस्त्याने कुठवर जाणार?

पाळणेवाला : थट्टेत बोललो होतो.

बाई : तिने सायकलवर टांग टाकली ती थट्टेत नाही टाकली. अहो... अहो थांबा! आलं! आलं! आलं हो! रस्ता दिसला... गेलं.

पाळणेवाला : गेलं कसं?

बाई : मला काय ठाऊक? तुम्ही काय केलंत?

पाळणेवाला : काहीच नाही. धरून उभाय.

बाई : मागे घ्या जरा. आणखी जरा. आलं! आलं! झाडं, मोटारसायकल... गेलं!

पाळणेवाला : वाऱ्याने हललं असेल.

भूतवाला : पान हलत नाहीये, दादा.

पाळणेवाला : मग डबा बिघडलाय. नाहीतर वरचा उपग्रह हललाय.

भूतवाला : उपग्रहाला कुठे लघवीला लागली? वहिनी, एक करा. टीव्हीकडे बघू नका, इथे दारात या, दादांकडे बघा. हं, आता म्हणा, आलं.

बाई : काही आलेलं नसताना?

भूतवाला : म्हणा तर.

बाई : आलं!

भूतवाला : बघितलंत? सरकवली.

पाळणेवाला : कोणी? मी?

बाई : अगं बाई! पुन्हा म्हणते हं. आलं! अहो, पुन्हा सरकवलीत! पाळणा नाहीये तो!

पाळणेवाला : मी नाही सरकवली. हात... हात गेला खरा.

बाई : भावजी, जन्म गेला आमचा यात. मी फळीपाशी उभी, हे दांड्यापाशी. पाळणा फळीला टेकला की मी ओरडते आलं, माणसं उतरतात, नवी चढतात, आणि यांचा हात पुढचा पाळणा खाली आणतो. मान वर करूनसुद्धा बघत नाहीत.

भूतवाला : म्हणजे वहिनींचं ‘आलं’ ते दादांच्या हाताला ‘चला पुढे’. वा! कंपनीच्या ताईला हे कुठल्या पुस्तकात सापडायचं?

पाळणेवाला : हसू नकोस रे. घाम फुटलाय मला. आता आलं म्हणू नकोस गं.

बाई : मग काय म्हणू? दिसलं म्हणू?

पाळणेवाला : नको. ओरडलीस की सुटतोच हात. पाळण्यावर कधी ओरडत नाहीस असं काहीतरी म्हण.

बाई : असं काय आहे? पाळण्यावर तर जन्मभर ओरडतेय.

भूतवाला : भूत म्हणा.

बाई : गप्प बसा हो. अहो... भिंगरी म्हणते.

पाळणेवाला : काय?

बाई : भिंगरी. पोर निघून गेल्यापासून या ट्रकमध्ये ही हाक कोणी मारली नाही.

पाळणेवाला : म्हण.

बाई : फिरवा तर. हळू. निळं. निळं. निळं... भिंगरी! अहो, भिंगरी!

पाळणेवाला : धरली. आहे का?

बाई : आहे.

पाळणेवाला : अजून आहे?

बाई : आहे हो. श्वाससुद्धा हळू घ्या. घाट आहे, खालून पोरी येताहेत. ही नव्हे. हीसुद्धा नव्हे. बाई बाई, तीच! खांदे बघा ना, तुमच्यासारखे, एक वर एक खाली!

पाळणेवाला : कितवी आहे?

भूतवाला : पहिली, दादा! मागे चिटपाखरू नाही!

पाळणेवाला : तुला नाही विचारलं. अगं, कितवी?

बाई : मधल्या घोळक्यात आहे. पण एकेकीला मागे टाकतेय. तोंड उघडं आहे, लहानपणी सुई ओवताना उघडायची तसं.

भूतवाला : दादा, या इकडे. मी धरतो छत्री, तुम्ही डोळे भरून बघा.

पाळणेवाला : नको.

भूतवाला : अहो, छत्रीच धरायची आहे, बाळंतपण नाही करायचं.

पाळणेवाला : हात बदलताना चित्र गेलं तर? पुन्हा सापडेल न सापडेल. इथून ऐकू येतंय मला. माथा आला का?

बाई : आला. आता उतार. अगं, हळू! केवढ्या वेगाने... अहो, तिला सांगा हळू!

पाळणेवाला : मी कसं सांगू?

बाई : वळण आहे पुढे. ओलं दिसतंय...

पाळणेवाला : मग? अगं, मग काय झालं? अगं!

भूतवाला : दादा...

पाळणेवाला : तू सांग. पण खोटं बोलू नकोस. आज नको.

भूतवाला : पडली.

पाळणेवाला : उठली?

भूतवाला : अजून नाही. सायकल कठड्याला अडकलीय. ती रस्त्यावर आहे, कुशीवर.

पाळणेवाला : हात हलतोय का तिचा? पाय?

भूतवाला : दिसत नाही, दादा. गाडीतून माणसं उतरली, तिच्याभोवती उभी राहिली. पाठीच दिसताहेत.

पाळणेवाला : जरा डावीकडे घेऊ का? बोटभर? बाजूने दिसेल.

बाई : अहो, तुमच्या छत्रीने माणसं कशी बाजूला होतील?

पाळणेवाला : नाही होणार. खरंच. नाही होणार. मग काय करू मी?

बाई : काही करू नका. धरून ठेवा. एक माणूस वाकलाय. पाणी मागतोय वाटतं. अहो, तिचा बूट दिसला, एकच बूट...

पाळणेवाला : पायात आहे की नुसता?

बाई : थांबा हो... अरे देवा.

पाळणेवाला : काय? काय झालं?

बाई : जाहिरात लागली. साबणाची.

पाळणेवाला : साबणाची का असेना. तू बघत राहा.