पिवळ्या खाचेतली वायर

“ताई, तुम्हाला खरंच जमेल का हे?”

मैत्रिणींनी ‘विचारून दाखव’ अशी पैज लावली म्हणून मी वडीगोद्रीच्या सेवा केंद्रात रांगेतूनच विचारलं. बाबांनी ठरवलेला अकरावी कॉमर्सचा फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस, आणि नेट बंद!

नेट दुरुस्त करायला आलेल्या, राउटर तपासणाऱ्या ताई हसल्या आणि केंद्रवाल्या काकासाहेबांकडे वळल्या.

“काका, वायर कुणी काढल्ती?”

“मीच. सकाळी नव्या टेबलाची पूजा केली, राउटरलाबी कुंकू लावलं.”

“मंग परत लावली कुठं?”

“पिवळ्या खाचेत. हळदीचा रंग, शुभ!”

“बाहेरून नेट आणणारी वायर निळ्या खाचेत लागते, काका. पिवळ्या खाचा आतल्या कॉम्प्युटरसाठी.”

“पण वायफाय तर फुल दाखवून राह्यलंय!”

“ते राउटरपर्यंतचं. नेट राउटरपर्यंत आलंच न्हाई.”

ताईंनी वायर बदलली. लाल दिवा हिरवा झाला.

“आता निळ्या खाचेला कुंकू लावा!”

मी लगेच घरी फोन लावला.

“बाबा, स्पीकर सुरू करा, आईलाबी ऐकू द्या. मी कॉमर्स न्हाई, सायन्स भरून राह्यले. मला राउटरवाली ताई व्हायचंय.”