म्हशी राखणारा सम्राट

माझ्या कादंबरीचं काय झालं सांगू? उडते घोडे, जादूची तलवार, सगळं घातलं होतं. म्हशी राखणारा नायक शेवटी सम्राट होतो. आधी तो आपल्यासारखा 'हाय-न्हाय' बोलतो, सिंहासनावर बसला की एकदम शुद्ध. माणूस वाढला, तशी भाषा वाढली!

एसटीडी बूथवरून पुण्याच्या प्रकाशकाला फोन लावला. तो म्हणाला, "शेवट खोटा वाटतो. माणसाची भाषा अशी बदलत नाही."

"अगदी योग्य बोललात साहेब. मी अवश्य सुधारणा करतो. आपला अत्यंत आभारी आहे."

बाहेर आलो तर दाराला कान लावून आमचा संभा उभा. "काय म्हणालं रं पुणं?"

"माणसाची भाषा अशी बदलत न्हाय म्हणत्यात."

"व्हय? मग आत्ता आत कोण बोलत हुतं?"