दोन इष्टलिंगे

(सोलापूर, शुक्रवार पेठ. गुरुबसप्पा आणि सुंदरम्मा यांचे लिंगायत घर. सासूला ‘अत्ती’ म्हणणाऱ्या त्यांच्या सुनेला, श्रीदेवीला, आठवा महिना लागला आहे. आईच्या पोटावर बाळाचे इष्टलिंग बांधण्यासाठी स्वामी अर्ध्या तासात येतील.)

सुंदरम्मा : दोन? अहो, दोन कशाला आणली?

गुरुबसप्पा : हळू बोल. शुभकार्याची वस्तू आहे.

सुंदरम्मा : पोटात लेकरू एक, आन् ह्यांनी लिंगं आणली दोन. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, गणित तेवढं राहिलं. श्रीदेवी, ऐकलंस का गं?

श्रीदेवी : मामा, मी सांगितलं होतं ना? माझं गर्भाशय जन्मापासूनच दुभंगलेलं आहे. खोल्या दोन, पण बाळ एकच.

गुरुबसप्पा : पूर्ण समजले होते. द्विशृंग गर्भाशय. शिवभक्ताच्या घरी दोन शिंगांना वैगुण्य म्हणत नाहीत, नंदी म्हणतात.

सुंदरम्मा : घ्या. सुनेचा नंदी केला. आन् माझी जाऊ म्हणती, जिना चढली म्हणून मागचं लेकरू पोटातच गेलं.

गुरुबसप्पा : घराची रचना जन्माआधीच ठरलेली. त्यात जिन्याचा काय अपराध?

श्रीदेवी : मामा, आज विधी नको. अशा गर्भाशयात बाळ फार लवकर येण्याची भीती असते. सदतीस आठवडे भरू देत, मग बघू.

सुंदरम्मा : आठव्यातलं काम नवव्यात करायचं व्हय? गव्हाची खीर, हुग्गी चुलीवर हाय माझी.

श्रीदेवी : मागच्या खेपेला पाचव्यातच टोपडं शिवून बसले होते, अत्ती.

गुरुबसप्पा : परवाच्या तपासणीत काय दिसले?

श्रीदेवी : वाढ चांगली आहे. पण फिरायला जागाच नाही. डोकं वर, बूड खाली. ऑपरेशन ठरलंय.

गुरुबसप्पा : म्हणजे आसन घालून ध्यानस्थ बसलेला जीव. आणि त्यालाच आपण लिंग नाकारावे?

सुंदरम्मा : पायाळू हाय म्हणा की. माझी कंबर लई धरलीया. पहिली लाथ मला.

श्रीदेवी : ऑपरेशनचं पायाळू चालतं का, मामा?

गुरुबसप्पा : येथे शास्त्र मौन बाळगते.

सुंदरम्मा : मग त्या दुसऱ्या लिंगाचं सांगा. रिकाम्या खोलीला लिंग बांधायचं कुटल्या शास्त्रात हाय?

गुरुबसप्पा : कोणत्याच नाही. सूनबाई, मागचे बाळ कोणत्या बाजूला होते?

श्रीदेवी : डावीकडे. हे उजवीकडे आहे.

गुरुबसप्पा : आठव्या महिन्यापर्यंत ते पोहोचले नाही. त्याचे राहून गेले होते.

सुंदरम्मा : अहो, मग तसं सांगायचं की. मी मघापासून हसतीया.

गुरुबसप्पा : हसावे. या घरात वर्षभर कोणी हसले नव्हते.

श्रीदेवी : अत्ती, पाट मांडा.

सुंदरम्मा : मांडते. आन् ती हुग्गी बघते, खाली लागली असंल.

श्रीदेवी : मामा, स्वामींना सांगा, आधी डावीकडचं बांधा. थोरलं आहे ते.