आक्कानं ठेवलेलं नाव

हॅलो? …हॅलो, राजरत्न एस्टीडी-झेरॉक्स, पोवई नाका, सातारा…

कोण? …आक्का? आगं आक्का, तू कुठनं बोलतीस?

रहिमतपुरातनंच? म्हंजे यष्टी आली न्हाई?

आली? …मग?

आली, थांबली, आन् तू चढलीच न्हाईस? का गं? गर्दी हुती? …मग तब्येत बरी न्हाई का? …आगं मग झालं काय!

हे बघ. काल निरोप दिला हुता ना, सकाळच्या गाडीनं ये, एक सही कर, जेव आन् दुपारच्या गाडीनं परत जा. हितं वकीलसाहेब शिक्का घिऊन बसल्यात. माझ्याच खुर्चीवर बसल्यात. …व्हय व्हय वकीलसाहेब, बहिणीचाच फोन. निघालीच हाय ती. अजून एक चहा सांगू का? …बरं.

…न्हाई गं, त्यांना असंच सांगावं लागतं. दुसरं काय सांगू?

आता नीट बोल. न्हाई म्हंजे काय न्हाई? …सही न्हाई? …का?

विकायचं न्हाई?

आगं आक्का… आगं ऐक ना… आगं विकायलाच घेतलंय ते! तोच धंदा हाय माझा. पेढंवाला काय घरात बसून खायला पेढं करतो का?

…आता अजून कितींदा सांगू. कॉम्प्युटरवर दुकान काढायचं म्हटलं की पाटी लागती. त्या पाटीवरचं नाव सगळ्या जगात एकदाच मिळतं. जो आधी घेईल त्याचं. मग ज्याला पाहिजे त्यानं आपल्या दारात यायचं. रस्ता व्हायच्या आधी लोक कडंचा प्लॉट धरून ठेवत्यात का न्हाई? तसं.

…व्हय. प्लॉट दिसतो, हे दिसत न्हाई. कबूल.

बाकीच्या नावांचं काय झालं? चोळ, मीठ चोळ जखमेवर. …पेढ्याचं घेतलं, स्ट्रॉबेरीचं घेतलं, हळदीचं, गुळाचं, बेदाण्याचं… न्हाई. काळं कुत्रं ईचारत न्हाई. पेढंवाला म्हणाला, माझ्या पेढ्याचा वास यष्टी स्टँडपातूर जातो, तुझ्या कॉम्प्युटरातनं येतो का? पाचगणीत लॉजवाल्यानं चहा पाजला आन् म्हणाला, पोरा, नोकरी बघ. सांगलीच्या हळदीवाल्यानं तर चहाबी पाजला न्हाई.

हसू नको. हे नव्व्याण्णव साल हाय आक्का, थोडं दिस थांब, हीच माणसं माझ्या दारात रांग लावतील. …तवर काय खायचं? आता तूबी माझ्या बायकोवानी, अक्षतावानी बोलायला लागलीस.

तीबी हेच म्हणती. म्हंजे म्हणत न्हाई, सांगूनच ठेवलंय तिनं. हे एक नाव विकलं तर धंदा, न्हाईतर हंगाम सुरू झाला की गुमान कारखान्यावर टाइमकीपर. जुनी जागा अजून भरली न्हाई म्हणं. …व्हय, तीच, बिड्या ओढणाऱ्या साहेबाच्या हाताखालची.

म्हणून तर म्हणतो. मी डोकं लावून घेतलेली नावं सगळी धूळ खात पडल्यात, आन् तू सहज सांगितलेलं एक नाव, त्याला थेट अमेरिकेतनं गिऱ्हाईक आलंय! तुझ्या हाताला यश हाय गं. …आगं मस्का न्हाई!

तुझ्या नावावर कशाला केलं? …हे तूच ईचार आता! आमच्या पोरीच्या, साक्षीच्या बारशापासनं तू धड बोलत न्हवतीस. तीन दिवाळ्या आली न्हाईस. म्हटलं, धंद्यातलं पहिलं नाव आक्कानं ठेवायचं आन् मालकीणबी आक्काच. तुझा रुसवा काढायला केलं. मला काय सपान पडलं हुतं, ते असं गळ्यात यील म्हणून? आता तिथं लिवलंय, मालक चंद्राबाई. चंद्राबाईची सही पाहिजे, वकिलाचा शिक्का पाहिजे, आन् तो कागद आज रातीच्या आत फॅक्सनं तिकडं गेला पाहिजे. न्हाई गेला तर ते लोक दुसरं नाव बघणार. तशी चिठ्ठीच आलीया त्यांची कॉम्प्युटरवर.

…मीच सही करू? तुझी? वकिलासमोर? आक्का, मला आत घालतील. …न्हाई वकीलसाहेब, काय न्हाई. घरगुती चाललंय.

कसल्या घुगऱ्या?

…तू गल्लीत घुगऱ्या वाटल्यास? कॉम्प्युटरवरच्या नावाच्या?

आगं, घुगऱ्या बारशाला वाटत्यात!

…काय सांगितलंस लोकांना? …माझी उत्पला, सगळ्या जगात एकच, असं? …आक्का, आक्का, आक्का…

बरं, वाटल्यास. चांगलं केलंस. पण ती काय लेकरू हाय का? पत्ता हाय नुसता! …नाव ठेवलं म्हंजे लेकरूच? आन् नाव ठेवल्यालं लेकरू कोण विकत न्हाई? …हे कुठल्या कायद्यात लिवलंय?

उंटावरनं शेळ्या हाकू नको. तिथं रहिमतपुरात बसून बोलायला सोपं हाय. दे, बादशहाभाईंना दे फोन. दे म्हणतो ना.

सलाम बादशहाभाई. आवं, तुमी तरी समजून सांगा की. तुमी दुकानदार माणूस, सकाळपासनं रातीपातूर विकायचंच काम तुमचं… हां… हां… तुमीबी खाल्ल्या घुगऱ्या? …मीठ बेताचं हुतं. बरं. …मग काय म्हणणं तुमचं? …नाव ठेवायचा मान आत्तीचा, त्यात आपुन पडू नये. …झालं. द्या, तिलाच द्या.

हां आक्का. आता खरं ते सांगतो, वरडू नको. ठेवायचं म्हटलं तरी ते नाव ठेवता येत न्हाई. …आगं, उधारीवर हाय. तिथली कंपनी आधी नाव देती आन् मग बिल धाडती. बिल कवाच आलंय. डॉलरमधी. हितल्या बँकेत ईचारलं तर साहेब असा बघायला लागला, जणू मी घरात नोटा छापतो. म्हटलं, एक नाव विकू आन् त्यातनं सगळं भागवू. आता बिल भरलं न्हाई तर ते नाव काढून घेणार, आन् मग कुणीबी उचलणार. म्हंजे विकलंबी न्हाई आन् राहिलंबी न्हाई. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.

…पाटल्या? आक्का, गप बस. तुझ्या पाटल्या अमेरिकेला फॅक्स हुत न्हाईत. …न्हाई म्हटलं ना. पाटल्यांचं नाव काढलंस तर मी फोन ठेवीन.

…न्हाई ठेवत. बोल.

कोण घेतंय? सांगितलं की, अमेरिकेतली कंपनी. …करती काहीतरी. …साबण करती. …फुलाचा वास असतो म्हणं त्याला, म्हणून तर कमळाचं नाव पाहिजे त्यांना. …अंगाचा साबण, व्हय. …कुणाच्या अंगाचा म्हंजे?

…आक्का, पुढची गाडी चुकंल बघ तुझी.

…बरं. सांगतो.

…कुत्र्यांच्या.

…आक्का?

हॅलो? …आक्का, हाईस का? …आगं, तिथली कुत्री आपल्यासारखी नसत्यात. घरात ऱ्हात्यात, गादीवर झोपत्यात. …काय वाट्टंल ते बोल, पर अशी गप बसू नको. तू गप बसलीस की मला आई दिसाय लागती.

…रडतीस? …दुकानात, समद्यांसमोर? …आक्का, नको गं रडू.

काय? …थांब, हुंदका आवर, मला कळंना. काय शिवलं हुतंस?

…टोपडं. साक्षीच्या बारशाला.

…त्यावर दोऱ्यानं नाव काढल्यालं. …कुठलं?

…

…म्हंजे हे नाव तू कॉम्प्युटरसाठी न्हवतं शोधलं? साक्षीचं हुतं हे?

मला कुठं ठाऊक, आक्का. मला वाटलं, विहारात कुठंतरी ऐकल्यालं सांगितलंस. …विहारातच ऐकलंस. पर तिच्यासाठी. ती व्हायच्या आधीपासनं.

…व्हय. आठवतंय. तुझी यष्टी कोरेगावाच्या अलीकडं पंक्चर झाली. तू रस्त्याकडंला उभी, आन् हितं पावणं जेवायचं खोळंबल्यालं. अक्षताची बहीण म्हणाली, मी सांगते कानात. …व्हय, मान आत्तीचा आन् नाव ठेवलं मावशीनं. तू आलीस तवा आमी पत्रावळ्या उचलत हुतो. जेवलीस, पोरीला बघितलंस आन् गेलीस.

…टोपडं पिशवीतच हुतं?

…अजून हाय?

त्या दिवशी यष्टीनं तुला सोडलं, आन् आज तू यष्टीला सोडलंस. बरोबर हाय तुझं. समदं बरोबर हाय. पर मी काय करू ते सांग. हिकडं वकील, तिकडं अमेरिका, घरात अक्षता, आन् मधी मी. बोल, काय करू?

…साक्षीच्या कानात सांगतीस? …फोनवर?

…हाय की, हितंच हाय. खाली बसून झेरॉक्सच्या कागदाच्या होड्या करतीया. अक्षता बाजारात गेलीया. …देतो. थांब, थांब. रीत करायची तर पुरी कर. पाठीत धबका कोण घालणार तुझ्या? …भाबी हायत दुकानात? मग हाजराबी भाबींना म्हणावं, हिनं कुर्र केलं की घाला पाठीत, चांगला जोरात. …हसतीस व्हय? हस. हस बाई.

साक्षी! हिकडं ये. आत्तीचा फोन हाय. हे कानाला धर. असं न्हाई, उलटं धर. …हां. तू बोलायचं न्हाई, नुसतं ऐकायचं.

बोल आक्का!

…

…झालं? आण हिकडं. …आक्का, खिदळतीया नुसती! कानात गुदगुल्या झाल्या म्हणती. …तुझ्या पाठीत बसला का? …लागला? बरं झालं, मागून घेतलास.

काय? …करतीस सही? …आता का करतीस?

…ज्या कानात जायचं हुतं त्या कानात गेलं. कागद आता कुत्र्याला घाल न्हाईतर मांजराला. …मनापासनं म्हणतीस ना आक्का? …गाडी लागली? आगं मग पळ! …वकीलसाहेब, येतीया! बहीण येतीया! शिक्का काढून ठेवा!

साक्षी, कागद तोंडात घालू नको. …साक्षी! शाई हाय त्याला. …साक्षी, आगं तुला हाक मारतोय ना मी? …बघतीया का बघा जरा.

…

…उत्पला?

…

आक्का! आक्का, तिनं ओ दिली! मान वळवून ओ दिली गं! …हॅलो? …आक्का?

कोण, बादशहाभाई? …आक्का कुठं हाय? …गेली? बोलवा तिला. …आवं, माघारी बोलवा! सही नको म्हणावं! विकायचं न्हाई! …बिलाचं बघतो मी, कुणाच्या तरी पाया पडतो, हा कॉम्प्युटर विकतो, कारखान्यावर जातो. पर कुत्र्याच्या अंगाला न्हाई लावायचं हे नाव… …न्हाई न्हाई वकीलसाहेब, तुमाला न्हाई म्हणालो. तुमी चहा घ्या आन्… आन् जावा. …बादशहाभाई, पळा की! गल्ला राहू द्या, भाबी हायत!

…

…भाबी? व्हय, धरलाय, मी फोन धरलाय. …दिसती का तिथनं? …चढली? …भाईंना म्हणावं वरडा! हात करा! तुमीबी करा, दारात जाऊन हात करा!

…

…बघितलं तिनं? …मग?

…तीबी हात करतीया.

…हसून.

…

…गाडी सुटली. …बरं.

बरं भाबी… ठेवतो.