राखीव ब्लॉक

नाही, गंधारनं तुला काय सांगितलं ते राहू दे, मालविका — तो पाठ करून आला असणार. बस. इथल्या मिल्टन कीन्सच्या ऑफिसची अख्खी टीम मी उभी केली, आणि चौकशीला हेड ऑफिस पाठवतं कुणाला, तर नोकरीला जेमतेम तीन वर्षं झालेल्या तुला — असो, तुझा काय दोष. तर ऐक. आपली अलार्मची पेटी — म्हातारं माणूस पडलं, गळ्यातलं बटण दाबलं, की कॉल सेंटरला फोन. आत एक स्वस्तातली मेमरी चिप. तिचे छोटे छोटे ब्लॉक, प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, मग तो मरतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि पेटीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गंधारसाहेबांनी काय केलं? दर दोन सेकंदांनी ‘मी ठीक आहे’ अशी नोंद, त्याच त्याच जागी. जागा फिरवायची असते रे बाबा — पण नाही. ब्लॉक मेला की त्यावर फुली, त्याच्या जागी राखीवातला घ्यायचा. राखीव किती? चाळीस. तेही संपले. बाहेर हिरवा दिवा चालू, आत पेटी ठप्प. लेस्टरच्या त्या श्यामलाबाई सकाळी किचनमध्ये पडल्या, बटण दाबत राहिल्या — मुलगी संध्याकाळी कामावरून आली तेव्हा सापडल्या. खुबा मोडलाय. वाचल्या, एवढंच.

राखीव संपत आल्याची सूचना? होती ना. त्यानंच लिहिली होती, पेटी बीप करायची. झालं काय, म्हातारी माणसं बीप ऐकून दिवसभर कॉल सेंटरला फोन करत बसली, वरचे माझ्या डोक्यावर, त्यात माझं अप्रेझल तोंडावर — म्हटलं, काढून टाक ते. आला होता की दोनदा केबिनमध्ये. “चंद्रशेखर, दोन आठवडे दे, नोंदीची जागा फिरती करतो, मग बीप काढू.” नावानंच हाक मारतात इथे सगळे. मी म्हटलं, बीप आजच काढ, दोन आठवड्यांत काय आभाळ कोसळतंय — म्हणजे, तसं नाही, बोलण्याच्या ओघात म्हटलं. लेखी काही नाहीये त्यातलं.

आहे?

त्यानं मेल केला होता मला? आणि मी उत्तर दिलंय त्याला — काय उत्तर दिलंय?

...नको, वाचून दाखवू नकोस. मला मीटिंग आहे. तू नीघ आता.